पाणी पाठवणारे चाचा

"थांबा भाऊसाहेब. ऐकू द्या."

असं म्हणून चाचा रस्त्यातच उकिडवे बसायचे. डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाइपाला कान लावायचे. डोळे मिटलेले. मागून येणारा ट्रॅक्टरवालासुद्धा हॉर्न न वाजवता थांबायचा. मग पाइपावर दोनदा थाप मारून चाचा उठायचे. "निघालंय. मारुतीच्या वळणावर आलंय." आपण चालत वरच्या आळीत पोचेपर्यंत तिथल्या नळातून आधी हवा, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी पडायला लागलेलं असायचं.

मी परंडा तालुक्यातल्या त्या गावात ग्रामसेवक म्हणून गेलो, तेव्हा चाचा पंचायतीचे पाणी सोडणारे कर्मचारी होते. हुद्द्यानं माझ्या हाताखालचे. पण पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं की गावात माझ्यावाचून महिनाभर चालेल, चाचांवाचून एक दिवस चालणार नाही. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. हाक मारताना त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही चाचाच म्हणायची.

"पाणी सोडलं" असं ते कधी म्हणत नसत. "पाठवलं" म्हणायचे. "खालच्या आळीला पाठवलंय, आता वरच्या आळीला पाठवतो." लेक सासरी पाठवावी तसा तो शब्द त्यांच्या तोंडून यायचा. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी, दुमडलेला पायजमा, पायांत प्लास्टिकचे बूट आणि चालण्यात एक घाई, जणू पाणी पुढं गेलं आणि आपण मागं राहिलो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नियम त्यांना पाठ असतो, पण नियमाच्या पुढचंही काही दिसत असतं. प्रत्येक आळीला चार दिवसांतून एकदा तासभर पाणी, असा पंचायतीचा ठराव होता. एका आळीला सतत दहा मिनिटं जास्त मिळतात अशी तक्रार माझ्याकडं आली. मी चाचांना बोलावलं.

"व्हय, देतो जास्ती," ते म्हणाले. "तिथं एक पोर बाळंतपणाला आलीया."

"पण चाचा, नियम सगळ्यांना सारखा."

"नियम बराबर हाय, भाऊसाहेब. पण सव्वा महिन्याच्या लेकराला नियम कळंना, म्या काय करू?"

एकदा वरून एक अधिकारी पाहणीला आले. त्यांनी चाचांना विचारलं, "दरडोई किती लिटर पाणी देता?" चाचा गोंधळले. थोडा विचार करून म्हणाले, "लिटर मला म्हाईत न्हाय, साहेब. हंडे इचारा. कुणाच्या घरात किती हंडे हायेत ते सांगतो." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या आळीतली सहा घरं झाली तेव्हा साहेबांनी वही मिटली.

चाचांचं घर खालच्या आळीच्या टोकाला होतं. चाची बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सदा काहीतरी निवडत बसलेल्या. मी गेलो की चहा व्हायचाच आणि चहाबरोबर नवऱ्याची तक्रार. "भाऊसाहेब, ह्यांनी पाण्याशीच निकाह लावलाय. म्या हाय ती नुसती पाव्हणी." चाचा खाली मान घालून बशीत चहा ओतत राहायचे. एकदा मात्र म्हणाले, "पाव्हणी चाळीस वर्सं ऱ्हायली, भाऊसाहेब." चाची पदर तोंडाला लावून हसल्या.

आता चिबाडाबद्दल सांगायला हवं.

गावाच्या खालच्या अंगाला, कब्रस्तानाला लागून, सात-आठ एकरांचं चिबाड होतं. चिबाड म्हणजे बारमाही पाणी धरून बसलेली जमीन. पाय टाकला तर पोटरीपर्यंत आत जाणार आणि चप्पल तिथंच राहणार. लव्हाळा, पाणकणीस, मधून मधून उघड्या पाण्याचे तुकडे, बगळे, टिटव्या आणि थंडीत कुठून कुठून येणारी बदकं. आजूबाजूचं काळं रान उन्हाळ्यात भेगाळलेलं असायचं, तेव्हा एवढा एक तुकडा हिरवा दिसायचा. सातबाऱ्यावर त्याच्यापुढं एकच शब्द होता : पोटखराबा. म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

मी तो उतारा चाचांना वाचून दाखवला, तेव्हा ते हसले. "पोट खराब? साऱ्या गावाचं पोट त्येच्यावर हाय." आणि मला हाताला धरून त्यांनी चिबाडाच्या काठावर नेलं. गावाची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर, उताराच्या बाजूला. मध्ये एक लांबट उंचवटा होता, त्यावर गवत माजलेलं.

"ह्यो चर व्हता," चाचा म्हणाले. "म्या खणलेला."

त्यांच्या तरुणपणी एका दुष्काळात रोजगार हमीवर ते काम निघालं होतं. चिबाडाचं पाणी ओढ्याला काढून द्यायचं आणि रान मोकळं करायचं. चाचांचं नुकतंच लग्न झालं होतं. "माझ्याएवढी माती कुणी उपसत न्हवतं. लई अंगात व्हती. पयल्या साली त्या रानात शाळू असा आला, आत शिरलेला माणूस दिसंना. सारं गाव खूश. दुसऱ्या साली इहिरीचं पाणी उतरलं. तिसऱ्या साली बुडाचा खडक दिसला."

त्यांनी उंचवट्यावरची गवताची एक काडी उपटली.

"ही दीड कोसावरनं हंडा आणायची, रोज चार खेपा. एक दिवस वाटंतच बसली. पोटात लेकरू व्हतं. ऱ्हायलं न्हाय."

काडी टाकून ते पुढं सांगू लागले.

"दुसऱ्या दिशी म्या टोपलं घेतलं आन् चर भरायला लागलो. ज्यानं खणला त्यानंच भरावा. आठ दिस गाव हसत व्हतं. नवव्या दिशी मागं बघतो तर ही उभी, कमरेला पदर खोचून. म्हनली, तुमी खोरं चालवा, टोपलं म्या उचलते. सारा उन्हाळा घातला दोघांनी. पाणी परत यायला दोन पावसाळे लागले. पाणी जायाला येळ लागत न्हाय, भाऊसाहेब. यायला लागतो."

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी गावात तापाची साथ आली. उपसरपंचांची धाकटी मुलगी डेंग्यूनं आजारी पडली. बार्शीच्या दवाखान्यात आठ दिवस होती, त्यांतले दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पोर वाचली. उपसरपंच सरळ स्वभावाचा, चाळिशीचा शेतकरी माणूस. मुलीला घेऊन आले त्याच दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"भाऊसाहेब, त्या चिबाडाचा निकाल लावा. डासाचं घर हाय ते. पाणी काढून देऊ, मुरूम टाकू, बाजारतळ करू. आणखी कुणाचं लेकरू दवाखान्यात जायच्या आत."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही. बाप म्हणून मीही तेच म्हटलं असतं.

ग्रामसभेला पार भरला होता. उपसरपंच बोलले. त्यांच्या मागोमाग जमातीतले एक वृद्ध हाजी उठले. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "कब्रस्तानाच्या अर्ध्या जागेत पावसाळ्यात कबर खणता येत न्हाय. तीन हातांवर पाणी लागतंय. आमच्या मयताला कोरडी जागा मिळावी, एवढंच." लोकांनी माना हलवल्या. चाचांच्या बाजूला बसलेले त्यांचेच भाऊबंद होते, तेही हाजींकडं बघून मान हलवत होते.

चाचा उठले. एवढ्या माणसांपुढं बोलायची सवय नव्हती. चावीच्या दांड्याला धरून उभे राहिले.

"पोर आजारी पडली, मलाबी वाईट वाटलं. हाजीसाबांचं बी खरं हाय. पण चिबाड गेलं की इहीर जाती. म्या एकदा घालवून बघितलीया."

"त्येला चाळीस वर्सं झाली, चाचा," कुणीतरी म्हणालं. "आता बोअर हायेत."

"बोअर किती आटले ते सांगा की."

वाद वाढायला लागला, तशी आरोग्यसेविका मध्ये बोलली. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, तेव्हा ठराव करण्याआधी घरातली पिंपं एकदा बघू द्या, असं तिनं सांगितलं. उपसरपंच म्हणाले, "बघा. माझ्या घरापासून सुरू करा."

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका, उपसरपंच, चाचा आणि मी असे चौघं गेलो. उपसरपंचांच्या न्हाणीशेजारी निळं पिंप होतं. आरोग्यसेविकेनं त्यात बॅटरीचा उजेड टाकला. पाणी नितळ होतं आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. उपसरपंच वाकून बघत राहिले. त्यांची मुलगी दारात उभी होती, अजून अशक्त, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि पिंप दोन्ही हातांनी आडवं केलं. त्या दिवशी बावीस घरं बघितली, त्यांतल्या चौदा घरांत तेच. चिबाडातही बघितलं. तिथं डास होते, नव्हते असं नाही. पण उघड्या पाण्यात बारीक मासे होते आणि अळी दिसायच्या आत गिळत होते.

मला वाटलं, चाचा जिंकले म्हणून खूश होतील. ते पंचायतीच्या पायरीवर डोकं धरून बसले होते.

"काय झालं, चाचा?"

"दोष माझाच हाय मंग. म्या चार दिसाला पाठवतो म्हणून लोक साठवून ठिवत्यात."

"तुम्ही ठरावाप्रमाणं पाठवता."

"ठरावाला ताप येत न्हाय, भाऊसाहेब. पोरीला आला."

सोमवारपासून त्यांनी रोज पाणी पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक आळीला थोडं, पण रोज. विहिरीत पाणी होतं. कमी होते ते हात. पूर्वी दिवसाला दोन-तीन व्हॉल्व्ह फिरवायचे, आता अकरा. साठीचा माणूस पहाटे पाचला निघून दुपारी जेवायला बसायचा. मी मदतनीस द्यायचं म्हटलं, तर म्हणाले, "पाणी वळखीचं लागतंय. नव्या माणसाला ते फसवतंय." पिंपं हळूहळू रिकामी झाली. काहींत धान्य पडलं, काहींत कोंबड्या बसल्या. चिबाडाचा ठराव मी तहकूब लिहिला. तहकूब म्हणजे मेलेला नव्हे, नुसता झोपलेला.

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला. सोनारीच्या वाटेवरचा ओढा आठ-आठ दिवस उतरत नव्हता. भाद्रपदात एका सकाळी चाची चुलीपुढं बसल्या होत्या, त्या तशाच कलंडल्या. चाचा वरच्या आळीच्या व्हॉल्व्हवर होते. मी त्यांना आणायला गेलो. मी सांगायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, चावी काढून माझ्या हातात दिली आणि चालायला लागले.

दुपारी कबर खणायला घेतली. कब्रस्तानातली त्यातल्या त्यात उंच जागा निवडली होती. दोन हातांवर माती ओली झाली. तीन हातांवर चारी बाजूंनी पाणी झिरपायला लागलं. भावकीतल्या तरुणांनी बादल्यांनी उपसलं. उपसलं तेवढं परत आलं. दुसरी जागा बघितली, तिथंही तेच. जनाजा तयार होता. हाजी हातात तसबीहची माळ घेऊन उभे होते. त्यांनी चाचांना एका शब्दानं टोचलं नाही, पण मागं कुणीतरी पुटपुटलंच, "ह्येच पाणी राखायचं व्हतं."

चाचा कबरीच्या कडेला आले. आत पाहिलं. गढूळ पाणी, वर आभाळाचा तुकडा. बराच वेळ ते पाहत होते. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. ते वळून एवढंच म्हणाले, "भरा परत. तिला पाण्यात न्हाय ठेवायचं."

पण मग ठेवायचं कुठं? कुणालाच सुचेना. उपसरपंच माझ्या शेजारी उभे होते. ते पुढं गेले आणि चाचांचा दंड धरला.

"चाचा, माझ्या माळावर चला. तिथं मुरूम हाय. जागा माझी हाय, कुणाला इचारायचं काम न्हाय."

चाचांनी हाजींकडं पाहिलं. हाजींनी मान हलवली. गावापासून अर्धा मैल वर तो माळ. चिखलातून जनाजा नेताना खांदे बदलत होते. कोणाचे खांदे होते ते कुणी पाहत नव्हतं. मीही काही पावलं खांदा दिला. फार हलक्या होत्या चाची. माळावर पहारीनं कठीण मुरूम फोडून कबर खणली आणि दिवस मावळायच्या आत त्यांना कोरड्या जागेत ठेवलं.

चौथ्या दिवशी चाचा माझ्याकडं आले. दाढी वाढलेली. समोरच्या खुर्चीवर ते कधी बसत नसत, त्या दिवशी बसले.

"भाऊसाहेब, तो ठराव घ्या आता. चिबाड काढून टाका. म्या आडवा येत न्हाय."

"चाचा, असं काय बोलता?"

"तिनं टोपल्यानं माती वाहिली त्येच्यासाठी. आन् त्यानं तिला चार हात जागा दिली न्हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्या लई हट्ट केला. आता बास."

मी ठराव सभेपुढं ठेवला. ठेवणं भाग होतं. हाजी आले होते, उपसरपंच आले होते, चाचा सगळ्यांत मागं भिंतीला टेकून बसले होते. मी वाचून दाखवलं आणि कुणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. पुरुष एकमेकांकडं बघत राहिले. चाचांच्या दुःखापुढं कुणाला बोलवेना.

खालच्या आळीतली एक बाई उठली. ग्रामसभेत ती कधी बोलली नव्हती. चाचींची शेजारीण. "आमच्या नळाला रोज पाणी येतंय," ती म्हणाली. "ते बंद करायचं का? मला उत्तर द्या, मंग काय करायचं ते करा."

तिच्या मागं दुसरी उठली. "चाची मला म्हनल्या व्हत्या, पाण्यापायी माझं एक लेकरू गेलं, तुमच्या पोरींवर ती पाळी नको. त्यांनी कुणाला सांगितलं नसंल. मला सांगितलंय."

 मग हाजी सावकाश उठले. "आमाला कोरडी जागा पायजे व्हती. ती माळावर मिळती का, एवढं सांगा."

उपसरपंच बसल्या जागेवरून म्हणाले, "दहा गुंठे देतो. भाऊसाहेब, कागद करा."

मी तिथल्या तिथं नवा ठराव लिहिला : चिबाड आहे तसं राखावं, त्यात भराव किंवा चर करू नये, कब्रस्तानासाठी माळावर जागा घ्यावी. वाचून दाखवला. मागून चाचांचा आवाज आला, "परत एकदा वाचा." मी परत वाचला. चाचांनी रुमालानं तोंड पुसलं, उठले आणि बाहेर गेले. सभेतून त्यांना जाऊ दिलं सगळ्यांनी.

पुढं दीड वर्षानं माझी बदली कळंबकडं झाली. निघताना चाचांनी मला एक हंडाभर पाणी दिलं, गाडीत ठेवायला. "नव्या गावात पयल्या दिशी पाणी कुठं हुडकाल?" ग्रामसेवकाला पाण्याची भेट देणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

अधूनमधून फोन व्हायचा. त्यांचे गुडघे गेले होते. काम सुटलं होतं. भूममध्ये दिलेली लेक घेऊन चला म्हणायची, ते जात नसत. आणि परवाच्या वैशाखात उपसरपंचांचा फोन आला. दोनच वाक्यं बोलले. मला निघायला दुसरा दिवस उजाडला.

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. चाचांच्या लेकीनं दार उघडलं आणि मला बघून तिला रडू आलं. तिच्याजवळ थोडं बसलो आणि मग सायकल ढकलत चालणाऱ्या उपसरपंचांबरोबर माळाकडं निघालो. वाटेत कब्रस्तान लागलं. वैशाखाचं ऊन होतं. तिथली माती कोरडी ठणठणीत होती, पाहिजे तेवढं खोल खणता आलं असतं.

"इथंच ठेवायचं असं काही जण म्हणत व्हते," उपसरपंच म्हणाले. "सोपं पडलं असतं. हाजीसाब म्हणाले, न्हाय, तिच्याजवळच. मुरूम लई कडक निघाला, भाऊसाहेब. सकाळी सातला सुरू केलं, अकरा वाजले. सारं गाव आळीपाळीनं पहार घेत व्हतं."

त्यांच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. 

माळावर दोन कबरी शेजारी शेजारी. चाचींच्या कबरीवर गवत वाळून पिवळं पडलं होतं. दुसरी ताजी, लालसर मुरमाची, उन्हानं वरचा थर सुटा झालेला. वाऱ्यानं त्याची धूळ उडत होती. उपसरपंचांनी सायकलला अडकवलेला प्लास्टिकचा कॅन काढला.

"काल सगळ्यांनी मातीवर पाणी घातलं. माझे हात असे झालेले, मला तांब्या धरवंना. राहूनच गेलं."

दोन्ही मनगटांत कॅन धरून, वाकून, त्यांनी डोक्याकडून पायांकडं सावकाश पाणी ओतलं. थोडं उरलं ते चाचींच्या कबरीवर ओतलं. माती क्षणभर काळी झाली, आणि तिनं ते सगळं पिऊन टाकलं.